बेसिंगस्टोक, समुद्राकाठी

शालन,

तुझ्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला पाच मिनिटं दिली होती, आणि ती पाचही मिनिटं मी धडधडीत खोटं बोलले. इल्फर्डचा तो हॉल, पांढऱ्या साड्या, समोर तुझा फोटो, वंदना नुकतीच संपलेली, आणि मी माइकसमोर उभी राहून म्हणाले, "शालन अत्यंत शांत आणि मनमिळाऊ स्वभावाची होती." मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. पुढच्या रांगेत तुझी लेक सुजाता सकाळपासून रडत होती, ती रडायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. मग मी "तिने कधी कुणाला दुखावलं नाही" असंही म्हणाले, तेव्हा मात्र भन्तेजींनी डोळे उघडले. गेल्या वर्षी माइक तोंडापासून किती लांब धरायचा यावरून तू त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतंस.

खरं बोलायचं असतं तर मला आधी एक कबुली द्यावी लागली असती, आणि तिची मला सवय नाही. एकतीस वर्षांच्या मैत्रीत "तुझं बरोबर, माझं चुकलं" हे वाक्य आपल्या दोघींपैकी एकीच्याही तोंडून निघालं नाही. आपलं भांडण मिटायचं ते फक्त पुढचं भांडण सुरू झालं म्हणून. शेवटचं तेवढं तसंच राहिलं, कारण पुढचं सुरू करायला तू थांबली नाहीस.

आपली ओळखच मुळात भांडणातून झाली. मी कौन्सिलच्या लायब्ररीत काउंटरवर होते आणि तू हॉस्पिटलात ईसीजीची मशिनं दुरुस्त करायचीस. तू इलेक्ट्रॉनिक्सचं एक जाडजूड पुस्तक परत आणलंस, त्यातली एक आकृती तू पेन्सिलीने दुरुस्त केली होतीस. मी म्हटलं, लायब्ररीच्या पुस्तकावर लिहायचं नसतं. तू माझ्या बॅजवरचं आडनाव वाचलंस आणि सरळ मराठीत म्हणालीस, "मग चुकीचं छापायचंही नसतं." एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. चार वर्षांनी त्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली, आणि ती आकृती अगदी तू दुरुस्त केली होतीस तशीच छापली होती. मी ते पुस्तक मागच्या कपाटात ठेवलं आणि मी रिटायर होईपर्यंत तुझ्या नजरेला पडू दिलं नाही.

तू रिटायर झालीस, त्याच वर्षी तुझे मिस्टर गेले, तेव्हा लोकांनी तुला काय काय सुचवलं. कुणी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर म्हणालं, कुणी अलॉटमेंट घे म्हणालं, भाज्या लाव म्हणालं. तू गाडीत रेडिओ स्कॅनर बसवून घेतलास. डॅशबोर्डखाली जाड पुस्तकाएवढा काळा डबा, आणि गाडीच्या टपावर लोहचुंबकाने चिकटलेली जीपीएसची चपटी डबी. मला वाटलं, दुःखाने हिच्या डोक्यावर परिणाम झाला. तू मला समोरच्या सीटवर बसवून समजावलंस. हा डबा हवेतले ठरवून दिलेले नंबर एकामागून एक चाचपत जातो, आणि कुणी बोलताना सापडलं की तिथे थांबतो. तुला ऐकायचे होते ते परवाना काढून घरच्या रेडिओवरून एकमेकांशी गप्पा मारणारे हौशी लोक, बहुतेक सगळे म्हातारे.

"बोलायला परीक्षा द्यावी लागते," तू म्हणालीस, "ऐकायला नाही."

"तू ऐकणार?" मी म्हटलं. "तू?"

पोलिसांचं ऐकू येतं का, असंही मी विचारलं होतं. "त्याची परवानगी नाही आणि गरजही नाही," तू म्हणालीस. "गल्लीतल्या बातम्यांना तू आहेस की."

जीपीएस कशाला, हे मला कळायला अर्धा तास लागला, आणि कळल्यावर मात्र मी मनातून थक्क झाले, जे मी अर्थातच दाखवलं नाही. प्रत्येक गावाचे नंबर वेगळे. गाडी चालवताना बटणं दाबत बसता येत नाही. म्हणून गावांची एक यादी करायची. गावाचं नाव, त्याचे अक्षांश-रेखांश, आणि त्याच्याभोवती पंधरा मैलांचं एक वर्तुळ. गाडी त्या वर्तुळात शिरली की जीपीएसमुळे डब्याला कळतं आणि त्या गावाचे आवाज आपोआप उघडतात, पडद्यावर गावाचं नाव येतं. वर्तुळाबाहेर पडलं की बंद. गावाची वेस ओलांडल्यासारखं.

आणि एवढा खटाटोप करून रस्ता शोधायला मात्र तू जीपीएस वापरायची नाहीस. फोनमधली बाई "टर्न राइट" म्हणाली की तुझं टाळकं सरकायचं. "ही कोण मला सांगणार?" म्हणजे गाडीत एक मशीन होतं, ज्याला आपण कुठे आहोत ते चार पावलांपर्यंत ठाऊक होतं, आणि दोन बायका होत्या, ज्यांना आपण कुठल्या काउंटीत आहोत तेही ठाऊक नसायचं. डबा यायच्या आधी एकदा लेस्टरला जाताना आपण केंब्रिजला चहा प्यायलो. तू शेवटपर्यंत म्हणत होतीस की तसंच ठरलं होतं.

यादी लॅपटॉपवर टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी बोटं टायपिंगची आणि तुझी स्क्रूड्रायव्हरची. तुझ्या किचनच्या टेबलावर बसून तू चष्मा कपाळावर चढवून नकाशावरचे आकडे मोठ्याने वाचलेस आणि मी टाइप केले. इल्फर्ड, बेसिंगस्टोक, रेडिंग, लेस्टर, बर्मिंगहॅम. जिथे जिथे आपलं माणूस आहे, जिथे आपण जेवायला जाऊ शकतो, ती सगळी गावं. मध्येच तू धिरडी घातलीस आणि माझी बोटं तेलकट झाली म्हणून ओरडलीस.

इल्फर्डमध्ये डब्याने कमाल केली. घराबाहेर गाडी सुरू केली की पडद्यावर "इल्फर्ड" आणि लगेच कुणीतरी आपल्या एरियलबद्दल, नाहीतर गुडघ्यांबद्दल बोलत असायचं. एकाचं नाव तू गुडघेवाले काका ठेवलंस. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं तेव्हा तू मला फोन करून सांगितलंस, आणि तुझ्या आवाजात खरी काळजी होती. त्या माणसाला तू या जगात आहेस हेही माहीत नव्हतं. हे तुझं मला फार आवडायचं, शालन. तुझ्या तोंडाला धार होती, पण अनोळखी म्हाताऱ्यांच्या दुखण्यांवर तू माया करायचीस.

मग मार्च महिन्यात आपण बेसिंगस्टोकला निघालो. सुजाताने तिथे ऑफिसजवळ नवं घर घेतलं होतं, घर बघायला पहिल्या आपण दोघी. तू खुशीत होतीस. बेसिंगस्टोकच्या वर्तुळात शिरताक्षणी पडद्यावर नाव कसं उगवेल ते मी बघायचं आणि वेळ लिहून ठेवायची, असं ठरलं. मी वही-पेन घेऊन बसले. इल्फर्डचं वर्तुळ संपलं, डबा गप्प झाला. एम ट्वेंटीफाइव्हच्या हायवेवर गप्प. एम थ्री गप्प. बेसिंगस्टोकच्या पाट्या दिसायला लागल्या, डबा गप्प. मग त्या गावातले ते राउंडअबाउट. एक संपला की दुसरा. तिसऱ्यावर आपण चार फेऱ्या मारल्या, तू एक डोळा रस्त्यावर आणि एक डोळा डब्यावर ठेवून, आणि मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवला तर तू त्यालाच हात दाखवून "थांब" केलंस.

"ही कसली प्रदक्षिणा?" मी म्हटलं. "वंदन करावं असं तर इथे काही दिसत नाही."

"तू टाइप करताना घोळ घातलायस, मंदे."

"मी? पंचवीस वर्षं लायब्ररीची कार्डं टाइप केली मी, एक चूक दाखव. तुझं मशीनच भंगार आहे."

"मशीन चुकत नाही. मशीनला जे सांगाल ते ते करतं. माणसं चुकतात."

"मग तू वाचताना चुकलीस."

सुजाताच्या नव्या दारात उभं राहून आपण हे वाक्य एकमेकींना परत परत ऐकवलं, आणि ती बिचारी हातात चाव्या घेऊन "कम इन, प्लीज, नेबर्स बघतायत" म्हणत राहिली. संध्याकाळी तू म्हणालीस, बस गाडीत. मी म्हटलं, मी ट्रेनने जाईन. गेले. वॉटर्लूला उतरल्यावर लक्षात आलं की हातात पुरणपोळ्यांचा डबा आहे आणि तो तुझा आहे. परत करायला म्हणून तरी फोन करता आला असता. मी पुरणपोळ्या खाल्ल्या.

मग तीन आठवड्यांनी तुझाच फोन आला. मागचं काही झालंच नाही अशा आवाजात. "मंदे, शनिवारी मोकळी आहेस का? व्हिट्स्टेबलला जाऊन येऊ. तुला एक गंमत दाखवायचीय."

केंटमधलं व्हिट्स्टेबल, म्हणजे समुद्र. तुला समुद्राचा तिटकारा. चपलेत वाळू जाते, वाऱ्याने केस उडतात, आणि ऑयस्टर खाणाऱ्या लोकांकडे तुला बघवत नाही, हे मी तुझ्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. मला वाटलं, माफी मागायची आहे पण घरी मागायला लाज वाटते, म्हणून बाई मला समुद्रावर नेतेय. मग मी भाव खाल्ला. माझे गुडघे दुखतायत, म्हटलं. मे महिन्यात तू परत विचारलंस, मी पाऊस सांगितला. जूनमध्ये तिसऱ्यांदा विचारलंस, मी परत गुडघे सांगितले. "बरं बाई," तू म्हणालीस, "गुडघे मोकळे झाले की कळव. गंमत काही पळून जात नाही."

अकरा दिवसांनी सुजाताचा फोन आला.

शालन, हे लिहायची मला लाज वाटते, पण लिहिते. तू गेलीस हे कळल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. पहिल्यांदा आलं ते हे की आता ही माफी कशी मागणार? मग मी किचनच्या फरशीवर बसले आणि बराच वेळ उठता आलं नाही. त्या दिवशी माझे गुडघे खरोखरच दुखत होते.

अस्थी कुठे सोडायच्या याचा सुजाताला प्रश्नच पडला नाही. "मावशी, आई लास्ट फ्यू मंथ्स सारखी व्हिट्स्टेबल, व्हिट्स्टेबल म्हणायची. मला जायचं आहे, मला जायचं आहे. आणि मी बिझी होती. इट वॉज हर विश." तुला समुद्र किती आवडायचा, असं ती म्हणाली.  तुला समुद्र आवडायचा असं तुझ्या मुलीला वाटत असेल, तर तेवढं सुख मी तिच्याकडून कशाला काढून घेऊ? पण मनात टोचत होतं. व्हिट्स्टेबलच का?

गेल्या शनिवारी आम्ही निघालो. "आईचा गाडी घेऊ," सुजाता म्हणाली, तीच चालवत होती. तू माझ्या मांडीवर होतीस, फिरकीच्या झाकणाच्या हिरव्या प्लॅस्टिकच्या बरणीत. क्रेमॅटोरियमवाल्यांनी दिली तशीच, कारण तू लाकडी पेटीला कधीच हो म्हटलं नसतंस. गाडी सुरू होताच तुझा डबाही सुरू झाला. इल्फर्डचे म्हातारे बोलायला लागले. सुजाताला तो बंद कसा करायचा ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं, पण मी केला नाही. डार्टफर्डचा पूल मागे पडल्यावर तो आपोआप गप्प झाला. केंटमधलं एकही गाव आपल्या यादीत नव्हतं, कारण केंटमध्ये आपल्याला कुणी जेवायला बोलावत नाही.

एम टूवर बोलता बोलता सुजाता हळूच म्हणाली, "लास्ट टाइम आईने फोन केलेला, मी कट केला. मीटिंगमध्ये होती. म्हटलं, नंतर करते. आणि मग नाही केलं." तिने डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.  मी बरणी घट्ट धरून बसले.

फॅव्हरशॅमच्या अलीकडे डब्याचा पडदा उजळला. त्यावर नाव आलं, "बेसिंगस्टोक." आणि एक म्हातारा खणखणीत आवाजात म्हणाला की या वर्षी त्याच्या रनर बीन्सचा गोगलगायींनी फडशा पाडला.

सुजाता किंचाळली. तिने पुढच्या एक्झिटला गाडी बाहेर काढली आणि चेरी विकणाऱ्या एका फार्म शॉपच्या पार्किंगमध्ये आडवी उभी केली. "मावशी, इट सेज बेसिंगस्टोक! आपण केंटमध्ये आहे! मी बेसिंगस्टोकला राहते! हे आई आहे. आई मला सांगतेय, इट्स ओके, घरी जा. मावशी, हे आईच आहे ना?"

म्हातारा बीन्सवरून गोगलगायींसाठी ठेवलेल्या बिअरच्या बशीवर आला होता.

मला तेवढ्यात सगळं कळलं. आधी कळलं ते हे की बेसिंगस्टोक इथे का आलं. तुझ्या किचनच्या टेबलावर तू वाचत होतीस, "एक पूर्णांक शून्य नऊ, पश्चिम." इल्फर्ड सोडून प्रत्येक गावामागे तू "पश्चिम" म्हणत होतीस आणि मला वाटलं, ही मला भूगोल शिकवतेय. बेसिंगस्टोक पश्चिमेला आहे हे मला काय ठाऊक नाही? मी नुसते आकडे टाइप केले. पश्चिमेचे आकडे लॅपटॉपला वजा चिन्ह लावून द्यायचे असतात, हे मला कोण सांगणार? आपण शाळेत घोकलं ते भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व. आपला देशच सगळा पूर्वेला. वजा रेखांश नावाची चीज माझ्या बोटांखालून उभ्या जन्मात गेली नव्हती. आणि इल्फर्डमध्ये ही चूक दिसणार कशी? ती ग्रीनिचची शून्याची रेघ आपल्या घरापासून तीन मैल पश्चिमेला, म्हणजे आपलं घरही पूर्वेलाच. या देशात राहून मी भारताच्या बाजूने रेखांश मोजत होते. बेसिंगस्टोक उचललं आणि रेघेच्या पलीकडे, तेवढंच लांब, केंटमध्ये कँटरबरीशेजारी नेऊन ठेवलं. बर्मिंगहॅमचा हिशेब मी नंतर केला. ते मी लोस्टॉफ्टपुढच्या समुद्रात बुडवलं होतं.

आणि तो म्हातारा बेसिंगस्टोकचा नव्हताच, केंटचाच होता. हौशी लोकांचे तेच मोजके नंबर देशभर गावागावांना वाटून दिलेले असतात, हे तूच मला शिकवलं होतंस.

सुजाता माझ्याकडे बघत होती. चेहरा अगदी तू पहिल्यांदा तिला लायब्ररीत आणलंस तेव्हासारखा. मी नुसतं "हो" म्हटलं असतं तर ती हलकी झाली असती, आणि माझी चूक तुझ्याबरोबर पाण्यात गेली असती. आम्ही दोघी सुटलो असतो. मी तोंड उघडलंसुद्धा. पण मग आठवलं, ती तान्ही असताना शेजारणीने तिच्या पायात दृष्टीचा काळा दोरा बांधला होता, तर तू तो कात्रीने कापून परत नेऊन दिलास आणि वर विचारलंस, "याची टेस्टिंग कुठे केलीत?" त्या तुझ्या मुलीला तुझ्याच मशीनमधलं भूत मी दाखवू? तेही माझं टायपिंग लपवायला?

"सुजाता," मी म्हटलं, "ही आई नाही. ही मी आहे."

मी सगळं सांगितलं. ती कॉम्प्युटरवाली, पहिल्या तीन वाक्यांत तिला कळलं. "मायनस. यू फर्गॉट द मायनस." मग ती डब्याची बटणं दाबायला लागली आणि एकेक गाव उघडून बघायला लागली. "पण मावशी, रेडिंग बरोबर आहे. लेस्टर बरोबर. बर्मिंगहॅम पण वेस्ट आहे. हे कोणीतरी फिक्स केलंय. ओन्ली बेसिंगस्टोक नाही केला."

"कोणीतरी" म्हणजे कोण, ते दोघींनाही माहीत होतं. ती माझ्या मांडीवर होती.

तुला चूक केव्हाच सापडली होती, शालन. तू सगळी यादी दुरुस्त केलीस आणि एक बेसिंगस्टोक मुद्दाम तसंच ठेवलंस. मला इथे आणून, या पडद्यावर हे नाव उगवताना माझ्या डोळ्यांनी बघायला लावायचं होतं तुला. फोनवर सांगितलं असतं तर मी मानलं नसतं, हे तू ओळखून होतीस. ही तुझी गंमत. माफी बिफी काही मागायची नव्हती तुला. कशाला मागशील? आणि तीन वेळा तू बोलावलंस आणि तीन वेळा मी गुडघे पुढे केले.

सुजाता हळूहळू म्हणाली, "वेट. म्हणजे आईला समुद्र नाही बघायचा होता."

"नाही."

"म्हणजे आपण आईचे अस्थी एवढ्या लांब आणले... फॉर अ जोक? तुझ्यावरचा?"

"हो."

तिने बरणीकडे पाहिलं. मग तिच्या नाकातून एक आवाज आला, आणि मग आम्ही दोघी अशा हसलो की चेरीवाली बाई दुकानातून बाहेर येऊन "ऑल राइट, लव्ह?" विचारून गेली. मी हसता हसता रडले, आणि सुजाता नुसतीच रडली. मग मी तिला ते सांगितलं, जे मला एम टूवर सुचलं नव्हतं. तिने फोन कट केला, त्यानंतर पाचच मिनिटांनी तू मला केलास, तिसऱ्यांदा बोलवायला. व्हिट्स्टेबलवर तू दोन मिनिटं बोललीस, आणि पुढची वीस मिनिटं सुजाताची मीटिंग किती महत्त्वाची आहे यावर. ऑफिसात तिच्यावाचून कसं पान हलत नाही, मीटिंगमध्ये असली की ती आईचासुद्धा फोन घेत नाही, हे तू मला अशा तोऱ्यात सांगितलंस, की माझ्या मुलाने माझा फोन उचलला तर मला कमीपणा वाटावा.

"रिअली?" ती म्हणाली. "खरं?"

"खरं. आज मी फक्त खरंच बोलतेय."

व्हिट्स्टेबलला पोचलो तर ओहोटी. पाणी कुठेच नाही, नुसता चिखल आणि पलीकडे एक कुत्रा. भरतीची वेळ बघून निघावं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. तू असतीस तर तक्ता छापून आणला असतास आणि वर ऐकवलं असतंस. पाणी येईपर्यंत आम्ही गोट्यांवर बसून चेरी खाल्ल्या. मग पाणी आलं. सुजाताने त्रिसरण म्हटलं, तिच्या इंग्लिश वळणाच्या पालीत, आणि झाकण उघडलं. वारा उलटा होता. तुझा थोडा भाग माझ्या कार्डिगनवर आला, तो मी झटकला नाही.

परत येऊन गाडीत बसलो. सुजाताने गाडी सुरू केली आणि पडद्यावर परत "बेसिंगस्टोक" आलं. तोच म्हातारा, आता त्याच्या बहिणीच्या घरातल्या बॉयलरवर बोलत होता.

"असंच राहू दे ना, मावशी," सुजाता म्हणाली. "दरवेळी इथे आलो की आईचा गंमत दिसेल."

मलाही तसंच वाटत होतं. पण चूक दिसल्यावर ती तशीच ठेवून तू कधी घरी गेली नाहीस. बेसिंगस्टोक तू ठेवलं होतंस ते मला दाखवण्यापुरतं, आणि ते आता मी पाहिलं होतं. तू शिकवलं होतंस तसं मी बटण दाबलं, ते गाव उघडलं आणि पूर्वेचं पश्चिम केलं. म्हाताऱ्याचं वाक्य अर्ध्यातच तुटलं. बेसिंगस्टोक आपल्या जागी परत गेलं, पडदा कोरा झाला आणि गाडीत काहीच आवाज उरला नाही.

"तुझं बरोबर होतं, शालन," मी मोठ्याने म्हणाले. "माझं चुकलं."

आणि तू उलट काय बोलतेस, यासाठी सवयीने थांबले.